झिऱ्याची वाळू

पांझरेच्या कोरड्या पात्रात आजीने मला पहिल्यांदा झिरा उकरायला बसवले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. चैत्र सरत आलेला होता, गावातल्या आडाने तळ दाखवला होता आणि नदी म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेली तापलेली वाळू होती. आजी बराच वेळ पात्रातून अनवाणी हिंडे, वाळूचा रंग आणि तळपायाला लागणारा गारवा पाहून एक जागा ठरवी आणि तिथे आम्ही दोघी आधी हातांनी, मग पितळी वाडग्याने उकरू लागत असू. वरची हातभर कोरडी वाळू नुसती ढासळत राही. तिच्याखाली ओल लागली की खड्ड्याच्या कडा आपोआप उभ्या राहत, इतक्या सरळ, की मला वाटे आता इथे विहीरच होईल. पण आणखी वीतभर खाली गेल्यावर पाणी दिसू लागे आणि त्याच कडा पायथ्याशी विरघळून खड्डा बघता बघता भरून येई. मी घाईघाईने पाणी उपसू लागले की तळातून वाळू उकळी फुटल्यासारखी वर येई. मग आजी माझे मनगट धरी आणि म्हणे, "हळू काढ वं माय. वाळू उनी ते पानी गयं."

वाळू आली तर पाणी गेले. त्यानंतर ती तळाशी आधी जाड वाळू पसरी, तिच्यावर वाटाण्याएवढे खडे, त्यावर मुठीएवढे गोटे, आणि मधोमध बूड काढलेला तेलाचा डबा रोवून स्वस्थ बसून राही. पाणी आधी गढूळ येई, मग निवळे आणि शेवटी इतके नितळ होई की डब्याच्या आत खालचे गोटे मोजता येत. एक हंडा भरायला अर्धा तास लागे आणि त्या अर्ध्या तासात घाई करण्याची परवानगी कुणालाच नसे.

पुढे मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, त्यातही माती आणि तिच्यातले पाणी हा विषय घेतला आणि गेली 30 हून अधिक वर्षे जिओटेक्निकल इंजिनिअर म्हणून काम केले. खोल खोदकामात पाणी येऊ न देणे, आलेच तर त्याला शिस्तीत बाहेर काढणे आणि जी माती भार पेलू शकत नाही तिला पेलण्याजोगी करणे, हे माझे काम. खानदेशातल्या माझ्या माणसांना हे समजावून सांगताना मला फार सायास पडले, कारण आमच्याकडे माणूस जमीन खोदतो तो पाणी लागावे म्हणून. विहिरीला पाणी लागले की नारळ फुटतो, गूळ वाटला जातो. आणि मी मात्र खड्ड्याच्या तळाशी ओल दिसली की रात्रभर झोपत नाही, हे ऐकून माझ्या मोठ्या काकांना मनापासून वाईट वाटले होते. पाणी लागल्याचे दुःख करणारा धंदा मुलीने का पत्करावा, असे त्यांना वाटे. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

आजीच्या झिऱ्यात जे घडत होते त्याची शास्त्रीय नावे मला कॉलेजात कळली. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याची अगदी पातळ पटले अडकलेली असतात आणि त्यांचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो, म्हणून कड उभी राहते. वाळू पूर्ण भिजली की ती पटले नाहीशी होतात आणि धरून ठेवणारे काही उरत नाही. तळातून पाणी वर येऊ लागले की ते प्रत्येक कणाला थोडे उचलू पाहते. मीटरभर जाडीच्या वाळूतून वर येणाऱ्या पाण्याच्या पातळीत थराखाली आणि थरावर जवळजवळ मीटरभराचा फरक पडला, की वाळूचे वजन संपल्यासारखे होते आणि ती पाण्यासारखी वाहू लागते. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या आंरी दार्सी यांनी वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून त्याच्या वाहण्याचा नियम 1856 साली मांडला, आणि इस्तंबूलमध्ये शिकवताना साध्यासुध्या उपकरणांवर प्रयोग करणाऱ्या कार्ल तेरझागी यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले की मातीची ताकद तिच्यावरच्या एकूण भारावर ठरत नाही. त्या भारातून तिच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा करून जे उरते, तेवढेच कणांना एकमेकांवर दाबून धरते. माझा सगळा व्यवसाय या वजाबाकीवर उभा आहे. पाण्याचा दाब कमी केला की तीच माती, एक पिशवी सिमेंट न घालता, बळकट होते.

आजीच्या गोट्यांचाही नियम तेरझागींच्या नावावर आहे. गाळणीचा थर असा निवडावा की त्यातल्या बारीक कणांचा आकार, ज्या मातीला रोखायचे तिच्यातल्या जाड कणांच्या चार-पाच पटींपेक्षा मोठा नसावा. तसे केले तर पाणी निघून जाते आणि कण जागेवर राहतो. वर्गात हा नियम फळ्यावर लिहिला जात असताना मला एकाएकी तो बूड काढलेला डबा दिसला, आणि माझ्या वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली सूत्राऐवजी आजीचे वाक्य लिहिलेले आजही आहे.

आमच्या वडिलोपार्जित शेतातली विहीर माझ्यासमोर खोल होत गेली. आजोबांच्या काळात तिच्यावर मोट होती. मी पाहिली तेव्हा तिचे थारोळे तेवढे उरले होते आणि त्यात आम्ही भावंडे डुंबत असू. मग डिझेल इंजिन आले. पाण्याची पातळी खाली गेल्यावर ते वर बसून पाणी ओढेना, तेव्हा विहिरीच्या आत, मध्यावर खडकात ओटा कोरून इंजिन खाली उतरवले गेले. हवेचा दाब पाण्याला फार तर 10 मीटर वर ढकलू शकतो आणि प्रत्यक्षात, नळातली गळती आणि घर्षण धरता, सहा-सात मीटरच्या पुढे ओढणारा पंप थकतो, हे आमच्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला आकडा न सांगता ठाऊक होते. बांधकामाच्या खड्ड्याभोवती आम्ही वेलपॉइंट लावतो, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या बारीक नळ्या मीटर-दीड मीटरवर जमिनीत रोवून त्या एका आडव्या नळाला जोडतो आणि सगळ्यांतून एकत्र पाणी ओढतो, तेव्हा तेच बंधन आमच्यावर असते. त्याहून खोल जायचे तर खड्ड्याच्या आत टप्पा काढून दुसरी ओळ लावावी लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे समजावून सांगताना वरिष्ठांनी कागदावर आकृती काढली आणि मला ती आकृती म्हणजे आमच्या विहिरीतला ओटाच वाटला.

1972 च्या दुष्काळानंतर विहीर आणखी खोदली गेली, असे वडील सांगत. यारी बसवून, सुरुंगाचे बार उडवून, मुरूम संपून काळा पाषाण लागेपर्यंत. माझ्या आठवणीतले काम त्यानंतरचे: आडवे बोअर. विहिरीच्या तळाशी यंत्र उतरवून भिंतीतून चारी दिशांना आडवी भोके पाडायची, म्हणजे खडकाच्या भेगांत अडकलेले पाणी त्यातून विहिरीत येते. पूर्वेकडच्या भोकातून पाण्याची बोटभर धार सुटली तेव्हा वडिलांनी विहिरीच्या काठावर बसून डोळे पुसले होते. या घटनेनंतर वीसेक वर्षांनी मी सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्यावर, सरकू पाहणाऱ्या उतारात, तशीच आडवी भोके पाडून घेत होते. किंचित बाहेरच्या बाजूला उतरती, आत सच्छिद्र नळ्या घातलेली. पावसाचे पाणी डोंगराच्या मातीत साठून त्याचा दाब वाढू नये, म्हणून त्याला बाहेर पडायला वाट करून द्यायची. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर अशा उतारांकडे पाहताना माझा हात थरथरल्याशिवाय राहिलेला नाही. घाटातल्या त्या भोकातून धार सुटली, तेव्हा मी एकटीच बराच वेळ तिच्याजवळ उभी होते. एकाच धारेने एका ठिकाणी पीक जगते आणि दुसऱ्या ठिकाणी वाडी, एवढेच मला काकांना सांगायचे होते, पण ते तोवर गेले होते.

कामावर मी नेहमी एक काचेची बाटली जवळ बाळगते. साधी, पांढऱ्या काचेची, रुंद तोंडाची. कोणत्याही खोदकामावर गेले की सगळ्यात आधी पंपाच्या तोंडाशी ती भरून घ्यायची, सावलीत सपाट जागी ठेवायची आणि बाकीची पाहणी करून परत येऊन तळ बघायचा. तळ स्वच्छ असेल तर पंप नुसते पाणी काढतो आहे. तळाशी बारीक वाळूचा थर बसला असेल तर पंप जमीनच काढतो आहे, आणि ती जमीन कुठून तरी येते आहे: शेजारच्या रस्त्याखालून, घराच्या जोत्याखालून. मोठमोठ्या कामांवर दाब मोजणारे पीझोमीटर असतात, जमीन किती खचली ते मिलिमीटरमध्ये सांगणारी उपकरणे असतात आणि ती असायलाच हवीत. पण बाटली कधी बिघडत नाही, तिला वीज लागत नाही आणि ती साइटवरच्या कुठल्याही मजुराला वाचता येते. 2019 च्या ऑगस्टअखेर कोलकात्यात बहुबाजार भागात मेट्रोचा बोगदा खणणारे यंत्र पाणी असलेल्या थरात शिरले, पाण्याबरोबर माती बोगद्यात येऊ लागली आणि वरची जुनी घरे खचली, तडकली, काही पडली. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर झिराच होता.

ही बाटली माझ्याकडे आली ती माझ्या एका चुकीनंतर.

तापीकाठच्या एका गावाजवळ पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलचे, म्हणजे जिच्यातून पंपाने पाणी उचलतात त्या काठावरच्या विहिरीचे, खोदकाम होते. तापीच्या खोऱ्यातली जमीन दख्खनच्या इतर भागांसारखी नाही. वर काळी माती आणि खाली लगेच मुरूम-खडक असा तिचा हिशेब नाही. नदीने लाखो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचे थर एकावर एक आहेत, पिवळी माती, वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू, आणि काही भागांत हा गाळ शेकडो फूट खोल जातो. आम्हाला 9 मीटर खोल जायचे होते. वरच्या वाळूतले पाणी वेलपॉइंटने काढले होते आणि त्याखाली घट्ट चिकणमाती लागली होती. खड्डा इतका कोरडा होता की त्यात बसून मजूर जेवत. तपासणीचे बोअर त्या चिकणमातीतच थांबवले होते, कारण चिकणमाती लागली म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला असे मी धरले होते. तो कागद माझ्या सहीचा होता.

त्या चिकणमातीखाली पुन्हा वाळू होती आणि तिच्यातले पाणी दाबाखाली होते. ते नंतर मोजले तेव्हा कळले की खोदकामाच्या तळापासून खाली चिकणमातीचा थर उरणार होता 3 मीटरचा, आणि त्याच्या बुडाशी दाब होता 7 मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा. चिकणमाती पाण्याच्या साधारण 1.9 पट जड, म्हणजे 3 मीटरच्या थराचे वजन झाले 5.7 मीटर पाण्याएवढे. वरून 5.7, खालून 7. शाळेतल्या मुलाला करता येईल असे हे गणित मी केले नव्हते, कारण खालच्या वाळूचा मी शोधच घेतला नव्हता. 8 मीटरपर्यंत थर 4 मीटर जाड होता आणि त्याच्या वजनाने तगून होता. शेवटचा मीटर काढायला सुरुवात झाली त्या संध्याकाळी तिथला वयस्कर मुकादम माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तळ फुगतोय."

मी खाली उतरून पाहिले. खड्ड्याच्या मधोमध जमीन परातीसारखी उचलली गेली होती आणि तिच्यातल्या भेगेतून नितळ पाणी येत होते. नितळ, म्हणून मी क्षणभर सुस्कारा टाकला. पाच मिनिटांत त्या भेगेच्या तोंडाशी बारीक पांढऱ्या वाळूचा मुंगळ्यांच्या वारुळासारखा गोल ढीग तयार होऊ लागला. सगळ्यांना वर काढले, आणि मग जे करावे लागते ते केले: वेलपॉइंटचे पंप बंद करून, नदीचे पाणी नळाने आणून खड्डा भरून टाकला. तीन आठवडे ज्या पाण्याशी झुंज घेतली तेच पाणी स्वतःच्या हाताने आत सोडताना पाहणाऱ्या तरुण मुलांचे चेहरे मला आठवतात. पण खालून 7 चा दाब असताना वरून तेवढेच वजन घालायला त्या क्षणी पाण्याखेरीज दुसरे काहीही हाताशी नव्हते. पहाटेपर्यंत खड्डा शांत झाला. कुणाला इजा झाली नाही, कुंपणाच्या भिंतीचा एक कोपरा तेवढा खचला. मुकादमाने चहाच्या टपरीवरून लोणच्याची रिकामी बरणी आणून, खड्डा भरण्याआधीच भेगेतून येणारे पाणी तिच्यात भरून ठेवले होते, आणि सकाळी मला तिचा तळ दाखवला. दोन बोटे वाळू. त्याने बोलून काही दाखवले नाही. ती बरणी पुढे फुटली, तिच्या जागी बाटली आली.

त्यानंतर चिकणमातीला आरपार भेदून खालच्या वाळूत खोल विहिरी घेतल्या, प्रत्येकीच्या जाळीभोवती धुतलेल्या खड्यांची गाळणी भरली, खालचा दाब हळूहळू उतरवला आणि महिन्याभरात काम पूर्ण झाले. मात्र त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो मला पहिल्याहून जड गेला. अंदाजे 400 मीटरवर एका शेतकऱ्याची ट्यूबवेल होती, केळीची बाग होती. ते शेतकरी, आबा, सकाळी साइटवर आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांची मोटार हवा ओढत होती. विहिरीतून पाणी उपसले की तिच्याभोवतीची भूजल पातळी शंकूसारखी खाली वाकते, आणि दाबाखालच्या थरात तो शंकू फार लांबपर्यंत पसरतो. आबांची ट्यूबवेल त्या शंकूच्या उतारावर आली होती. आमच्या चारीतून नाल्याकडे वाहणाऱ्या पाण्याकडे बोट करून ते म्हणाले, "ते मन्हंच शे ना?" ते माझेच आहे ना?

कायद्याच्या भाषेत त्यांना काय उत्तर मिळाले असते याचा मी विचार केला नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. नाल्यात जाणारे पाणी सहा इंची नळाने त्यांच्या हौदात सोडण्याची व्यवस्था दोन दिवसांत झाली आणि काम संपेपर्यंत बाग त्यावर भिजली. हौदाशीही बाटली भरून ठेवायचा रिवाज आबांनीच सुरू केला. त्यांना वाळू नको होती, ठिबकच्या नळ्या चोंदतात. या अनुभवानंतर मी कोणत्याही कामाच्या अंदाजपत्रकात शेजारच्या विहिरींची पातळी आधी मोजण्याचा आणि काढलेले पाणी परत देण्याचा खर्च लिहिल्याशिवाय सही केली नाही. काही ठिकाणी त्यासाठी वाद झाले. शहरात तर काढलेले चांगले पाणी गटारात सोडतात आणि त्याच गल्लीत टँकर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याबद्दल शांतपणे लिहिणे मला अजून जमत नाही.

मातीला बळकट करण्याच्या कामाबद्दल थोडे. त्याचे बरेचसे प्रकार यंत्रांचे आहेत आणि त्यांची यादी वाचण्यात कुणाला गोडी वाटणार नाही. 400 बार दाबाने सिमेंटची धार जमिनीत फिरवून तिथेच खांब तयार करतात, आणि हा दाब किती, तर मोटारगाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. खाडीकाठच्या मऊ चिखलात पट्टीसारखे निचरे मीटर-सव्वा मीटर अंतरावर खोल रोवतात, कारण चिखलातून पाणी निघायला लागणारा वेळ पाण्याला चालाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि अंतर निम्मे केले की वेळ चौथाईवर येतो. ही कामे मी केली, त्यात समाधानही मिळाले. पण ज्या मातीने मला सर्वांत जास्त शिकवले ती आमच्या शिवारातली काळी माती.

कॉलेजात असताना मी घरच्या शेतातली माती पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेली होती. वाळवून, चाळून, दहा-दहा ग्रॅम दोन काचनळ्यांत घातली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती 12 मिलिलिटरवर बसली होती आणि पाण्यातली 21 वर. पाऊणपट फुगलेली. रॉकेलाशी या मातीचे काही देणेघेणे नाही, पाणी मात्र ती कणाच्या आतल्या पापुद्र्यांत ओढून घेते. उन्हाळ्यात आमच्या शेतात भेगा इतक्या पडत की वासराचा पाय अडके, आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर येई. कापसाला हे मानवते, भिंतीला मानवत नाही.

आमच्याकडे जुने लोक काळी आणि पांढरी असे दोन शब्द वापरत. काळी म्हणजे शिवार, पांढरी म्हणजे गावठाण. माझ्या आजोळचे गावठाण उंचवट्यावर, फिकट, चुनखडीच्या मातीवर आहे आणि तिथली शंभर वर्षांची मातीची घरे सरळ उभी आहेत. शहरांच्या कडेला काळ्या रानात प्लॉट पडले, त्यांवर घरे आली आणि तीन पावसाळ्यांत दारांच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. माझ्या मामांच्या घरालाही. खरे तर उपाय जुने आणि सिद्ध झालेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले, जे साडेतीन मीटरच्या आसपास खोल, ऋतुमानाने ओल कमीजास्त न होणाऱ्या मातीत पकड घेतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवले की काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा मीटरभराचा थर दाबून बसवला तर तिचे फुगणे आटोक्यात येते. कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत पुढे मानकात आली. रस्त्याखाली चुना मिसळतात, वजनाच्या तीन ते पाच टक्के. मामांना मात्र मी सगळ्यात आधी मोरीचे पाणी जोत्यापासून दूर न्यायला आणि घराभोवती चार फूट फरशी घालायला सांगितले. ओल एकसारखी राहिली की माती भांडत नाही.

चुन्याचे हे गणित मला सपाट मातीच्या छताच्या आमच्या धाब्याच्या घराकडे परत घेऊन गेले. आमच्या धाब्यावर दर वर्षी मिरगाआधी खारी माती टाकत. ती मुद्दाम खारवट जागेतून आणावी लागे आणि लहानपणी मला प्रश्न पडे की जवळची चांगली माती सोडून ही पिकाला नकोशी माती इतक्या लांबून कशाला? उत्तर असे, की खारवट मातीतला सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, सुटे कण छिद्रांत बसतात आणि पाणी झिरपत नाही. चुन्यातला कॅल्शियम नेमके उलट करतो, कणांचे गठ्ठे बांधतो, मातीची फुगण्याची खोड मोडते. छप्पर गळू नये म्हणून एक आणि रस्ता खचू नये म्हणून दुसरा. धाबे घालणाऱ्या माझ्या आजोबांना सोडियम हा शब्द माहीत नव्हता, पण खारी ओळखायला ते ती जिभेवर ठेवून पाहत.

मागच्या वैशाखात मी पांझरेच्या त्याच पात्रात गेले होते. झिरा उकरण्याजोगी वाळू तिथे आता नाही. जागोजागी खडक उघडा पडला आहे, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत. एक घनमीटर वाळू आपल्या पोटातले 200 लिटरच्या आसपास पाणी सहज सोडते आणि दोन-तीन फुटांखालचे ते पाणी उन्हाने फारसे आटत नाही. म्हणजे नदीचे पात्र हीच गावाची सावलीतली टाकी होती. ज्या नदीवर फड पद्धतीने, बंधाऱ्यामागे बंधारा घालून, पाटकऱ्याने वाटून दिलेल्या पाळीवर शेकडो वर्षे शेती भिजली, तिच्या टाकीच्या भिंतीच आपण ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या. बांधकामाच्या वाळूवर माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे हे लिहिताना मी स्वतःला बाजूला काढू शकत नाही.

सध्या मी पुतण्याच्या शेतावर असते. तो यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे, केळी करतो. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी तिथे गोटे आणि जाड वाळू आणून टाकली आहे आणि तापीच्या खोऱ्यातल्या खोल थरांत पाणी शिरते ते मुख्यतः याच पट्ट्यातून. तेच पाणी खाली केळीच्या पट्ट्यात शेकडो ट्यूबवेल उपसतात आणि पातळी वर्षागणिक खाली जाते. ओढ्याला पूर आला की ते पाणी जुन्या कोरड्या विहिरीत सोडून जमिनीत मुरवायचे, असे त्याने ठरवले. त्याचे मित्र तसे करत होते, थेट नळाने, गढूळ पाणी, आणि दोन वर्षांत त्यांच्या विहिरींचे तळ गाळाने लिंपले गेले होते. आयुष्यभर जमिनीतून पाणी काढताना जो नियम पाळला तोच पाणी परत घालताना लागू पडतो, फक्त प्रवाहाची दिशा उलटी. आम्ही विहिरीच्या आधी एक खड्डा घेतला आणि पाण्याच्या वाटेत वरून खाली वाळू, बारीक खडी, मग गोटे असे थर भरले. पुतण्याने मोबाइलवर हिशेब केला, मी चाळणीवर.

पहिला पूर रोहिण्यांतच आला. खड्ड्यातून विहिरीत पडणाऱ्या धारेखाली त्याने बाटली भरली आणि आम्ही ती रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी तळाशी नखाच्या जाडीचा पिवळसर थर होता. त्याला वाटले एवढे चालून जाईल. मी म्हटले, वरची वाळू काढ, धू, थोडी बारीक मिसळून पुन्हा भर. दुपारपर्यंत आम्ही तिघे, तो, त्याची मुलगी आणि मी, घमेल्यांनी वाळू धूत बसलो होतो. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला घाई होती आणि ती पाणी भसाभस ओतत होती. मी तिचे मनगट धरले.